मॅटिनीला गेलेली रुग्णवाहिका

सख्ख्या बहिणीला सिनेमा दाखवणं हा गुन्हा नाही, असं मी फौजदारसाहेबांना पुन्हा पुन्हा सांगत होतो आणि ते मला पुन्हा पुन्हा "पाणी घ्या" म्हणत होते. पोलीस जेव्हा इतक्या मायेने पाणी पाजतात, तेव्हा माणसाने ओळखावं की आपलं काहीतरी चुकलंय. मला ते ओळखता आलं नाही. मी पाणी प्यायलो आणि वर एक वाक्य बोललो. ते आठवलं की घरात एकटा असलो तरी माझी मान खाली जाते. मी म्हणालो, "साहेब, हा सरळसरळ अपहरणाचा प्रकार आहे."

पण हे असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल की मी मूर्ख आहे. सगळं सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे खात्रीच पटेल.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. माणसं कशी पडतात, कशी भाजतात, कशावरून घसरतात, हे वाचण्यात माझी उभी हयात गेली. तुम्हाला जिना दिसतो, मला त्या जिन्यावरचा दावा दिसतो. ओल्या फरशीपेक्षा वाघ परवडला असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण वाघाने खाल्ल्याचा एकही दावा आजवर माझ्या टेबलावर आलेला नाही.

माझी थोरली बहीण याच्या अगदी उलट. ताई शाळेत ड्रिलची शिक्षिका होती. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि मैदानावर तिच्यापुढे धापा टाकत धावणाऱ्या मुली. लग्न तिने केलं नाही. का नाही केलं विचारलं तर "वेळ नाही मिळाला" म्हणायची. निवृत्त झाल्यावर आपल्या दोन खोल्यांत मजेत राहत होती. एक दिवस खुर्चीवर चढून पंखा पुसायला गेली आणि खुर्चीसकट खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि मी तिला आमच्या घरी घेऊन आलो.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट म्हणजे सोसायटीच्या प्रत्येक सभेत मंजूर होणारा ठराव. तेव्हा दवाखान्याजवळच्या धर्मादाय संस्थेची जुनी रुग्णवाहिका तिला घेऊन आली होती. डिस्चार्ज मिळालेल्या माणसांना घरी पोचवणं एवढंच त्या गाडीचं काम. तिच्या चालकाला सगळे भोंगेवाले म्हणतात. साठीला टेकलेला, विधुर, रुंद खांद्यांचा आणि अत्यंत अबोल माणूस. भोंगा वाजवायलाही लाजतो. त्याने आणि एका वॉर्डबॉयने ताईला खुर्चीत बसवून वर चढवलं. ताई वेदनेने पांढरीफटक पडली होती, पण जिनाभर हुकूम सोडत होती, "डावा पाय आधी. डावा. एका तालात." आणि भोंगेवाले मुकाट्याने डावा पाय आधी टाकत होते.

त्यानंतर मी ताईची काळजी घेतली. हे वाक्य मी पूर्वी अभिमानाने म्हणायचो.

भिंतीला कठडे बसवले. फरशीवर रबराच्या चटया अंथरल्या. बूट माळ्यावर टाकले, कारण नाडीत पाय अडकतो. शिट्टी काढून घेतली, कारण शिट्टी फुंकताना तोल जातो. (असा एक दावा खरोखर आला होता. आम्ही तो फेटाळला होता, ही गोष्ट वेगळी.) मोबाइलसुद्धा माझ्याकडे ठेवला, कारण तो घ्यायला ती धावेल. उशाशी एक घंटी ठेवली. आणि मी नि बायको कामावर गेल्यावर ती जिन्याकडे जाऊ नये म्हणून तिच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. खोलीला लागूनच न्हाणीघर होतं, समोरच्या काकू दुपारी कडी काढून चहा देत आणि पुन्हा कडी लावून जात. आग लागली तर काय, हा विचार निदान विमावाल्याच्या तरी डोक्यात यायला हवा होता. नाही आला.

ताई आधी हसली. मग भांडली. मग गप्प झाली. गप्प झाल्यावर मला बरं वाटलं. म्हटलं, रुळली.

पण डॉक्टरांना बरं वाटेना. ते म्हणाले, "हाड केव्हाच जुळलंय. त्यांनी एव्हाना फिरायला हवं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून असतात. असंच चाललं तर पुढे उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही. त्यांना जरा बाहेर काढा."

बाहेर. या शब्दासरशी मला दाव्यांचा गठ्ठाच दिसला. पण ताई कायमची अंथरुणाला खिळणार हा दावा त्याहून मोठा होता, म्हणून मी घरात सल्लामसलत बोलावली. समोरच्या काकू म्हणाल्या, "सिनेमा दाखवा. रडका दाखवा, मन मोकळं होतं." खालच्या मजल्यावर सोसायटीचे माजी अध्यक्ष राहतात. पद गेलं तरी ते अजून प्रत्येक वाक्य ठराव मांडल्यासारखं बोलतात. ते म्हणाले, "लढाईचा दाखवावा. रक्ताभिसरण वाढतं." बायको म्हणाली, "ताईंना विचारा ना." त्यावर आम्ही तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती भाजी चिरायला आत गेली.

शेवटी सिनेमा मीच निवडला. पोस्टरवर एक ट्रक, मागे बर्फाचे डोंगर आणि एका कोपऱ्यात मेंढ्या. प्रवासाचा हिंदी सिनेमा, निसर्गदृश्यं, कुठे धोका नाही. मेंढ्या असलेल्या सिनेमात वाईट काय होणार?

मग प्रश्न वाहनाचा. रिक्षाला तीनच चाकं. टॅक्सीची बैठक खाली, खुब्याला वाईट. स्ट्रेचर, पट्टे, कठडे, सगळं असलेलं वाहन या जगात एकच. मी धर्मादाय संस्थेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "गाडी सिनेमाला मिळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणा." डॉक्टरांनी मान हलवत हलवत लिहून दिलं, की रुग्णाला मोठ्या पडद्यासमोर बसवणं प्रकृतीसाठी आवश्यक आहे. बाईंनी चिठ्ठी वाचून विचारलं, "पडदा कुठला? डोळ्याचा की कानाचा?" मी म्हणालो, "दोन्ही." कारण सिनेमा बघायचा असतो आणि ऐकायचाही. माझ्या अंगात थोडाफार विनोद आहे. पुढे तो कुठेच उपयोगी पडला नाही.

सिनेमाच्या दिवशी इमारतीखाली रुग्णवाहिका उभी राहिली आणि सगळ्या गॅलऱ्या भरल्या. ताईला खुर्चीतून खाली आणताना कुणीतरी हात जोडले. पलीकडच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी टोपी काढली. ताईने पावडर लावली होती, इस्त्रीची साडी नेसली होती. कित्येक महिन्यांनी ती एवढं मोठ्याने बोलली, "मॅटिनीला चाललेय. टोपी घाला, ऊन आहे."

थिएटरच्या दारात रुग्णवाहिका लागल्यावर मॅनेजर आतून पळत आला. त्याला वाटलं, त्याचाच कुणीतरी प्रेक्षक कोसळला. खुलासा करताना मला त्यालाही डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी लागली. बायकोला ऐन वेळी रजा मिळाली नव्हती, त्यामुळे एक तिकीट उरलं होतं. ताई म्हणाली, "यांना घे की आत. उन्हात काय करतील?" भोंगेवाले लाजले, पण आले. मोबाइलचा आवाज बंद करून, टोपी मांडीवर ठेवून, शाळेत बसल्यासारखे ताईच्या शेजारी बसले.

सिनेमा सुरू झाला आणि निसर्गदृश्यांच्या आधीच नायिका पळवली गेली. ती बँकेत कॅशियर असते. फर्निचरचा ट्रकवाला तिला चुकून कपाटात कोंडून घेऊन निघतो. मी घामाघूम झालो. कपाटात हवा किती असते, याचा मी मनात हिशोब करायला लागलो. मध्यंतराच्या आत ती बाई कपाटातून बाहेर पडून पुढे चालकाशेजारी येऊन बसली आणि चक्क हसायला लागली. मी ताईला म्हणालो, "चल, निघू या. हे तुझ्या प्रकृतीला बरं नाही."

"गप बस, छोट्या," ताई म्हणाली. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

शेवटी शेवटी घाटात गाडी थांबवून तो ट्रकवाला तिला म्हणतो, उतर, जा आपल्या घरी. ती म्हणते, "रुको मत. अभी आया नहीं." तो विचारतो, "क्या नहीं आया?" ती म्हणते, "जहाँ मुझे उतरना है." मला हे वाक्य फार बेजबाबदार वाटलं. शेजारी पाहतो तर भोंगेवाले टोपीत तोंड खुपसून रडत होते आणि ताई त्यांना आपला रुमाल देत होती. मी ताबडतोब पडद्याकडे बघायला लागलो. त्या वेळी मला मेंढ्यांचा फार आधार वाटला.

सिनेमा सुटला. मी म्हणालो, "दोघं इथंच बसा. हलू नका," आणि स्वच्छतागृहाकडे गेलो. तिथे भली मोठी रांग. परत आलो तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या. बाहेर धावलो तर रुग्णवाहिका गायब.

मॅनेजर म्हणाला, "तुमच्या पेशंट? गेल्या की. चालत गेल्या."

"अशक्य," मी म्हणालो. "त्या चालत नाहीत."

"अहो, त्यांनी मला विचारलं, इथून तलाव किती लांब आहे."

मला कळून चुकलं, हा माणूस सामील आहे. ताईचा मोबाइल माझ्याच खिशात होता. भोंगेवाल्यांना फोन लावला तर नुसताच वाजत राहिला. मी माजी अध्यक्षांना फोन केला आणि त्यांनी तातडीने सोसायटीच्या ग्रुपवर "आपल्या इमारतीतील ज्येष्ठ महिलेचे अपहरण" असा मजकूर टाकला. आता मागे फिरायचे दोर कापले गेले होते. तसाच पोलीस ठाण्यात गेलो.

"कुणी पळवलं?" फौजदारांनी विचारलं.

"रुग्णवाहिकेच्या चालकाने."

"मग दवाखान्यात नेलं असेल."

"आजारी नव्हती हो ती. सिनेमाला आली होती."

"रुग्णवाहिकेतून?"

"डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

याच सुमाराला पाणी सुरू झालं. मग त्यांनी ताईचा फोटो मागितला. मी माझा मोबाइल काढला. शोधत राहिलो. त्यात ताईच्या खुब्याचा एक्स-रे होता. शस्त्रक्रियेनंतरचा एक, टाके काढल्यानंतरचा एक, मग आणखी दोन बाजूंनी. दाराच्या कडीचा होता, दुकानदाराला माप दाखवायला काढलेला. महिला हवालदार वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "चेहरा नाहीये का यांचा?"

मी मोबाइल खिशात घातला. पुष्कळ दिवसांत मी ताईच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं. मी तिच्या पावलांकडे बघत होतो.

फौजदार माणूस भला. त्यांनी संदेश पाठवला आणि शहरभर रुग्णवाहिका अडवल्या जायला लागल्या. एकीत अपेंडिक्सचा रुग्ण होता, त्याने पडल्या पडल्या पोलिसांना जे ऐकवलं ते तसंच्या तसं वायरलेसवर आलं. दुसरीत खुद्द आमचे डॉक्टर बसलेले निघाले. माझं नाव ऐकताच त्यांनी कपाळाला हात लावला म्हणे. खरी गाडी मात्र कुणी अडवलीच नाही. रुग्णवाहिकेला सगळे रस्ताच देतात. शेवटी एका नाक्यावरून निरोप आला, गाडी भोंगा वाजवत तलावाच्या रस्त्याने गेली, पुढे बसलेल्या बाई सगळ्यांना हात करत होत्या.

"मदत मागत असणार," मी म्हणालो. फौजदारांनी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली. पोलिसांच्या जीपमध्ये मी मागे बसलो. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या एका बाईंनी मला पाहून आपल्या काचा वर केल्या.

तलावाच्या बांधावर चहाची टपरी आहे. तिच्यासमोर रुग्णवाहिका उभी होती, दारं सताड उघडी. आणि बांधावरून ताई चालत होती. रुग्णवाहिकेतली काठी टेकत, थोडी लंगडत, पण चालत होती. वाऱ्याने तिच्या साडीचा पदर फडफडत होता. तिच्यापुढे भोंगेवाले कवायत करत होते. त्यांचा गुडघा धरलेला होता म्हणे, आणि ताई मागून ओरडत होती, "गुडघा वर. आणखी वर. लाजताय काय, इथे कोण बघतंय?"

तेवढ्यात आम्ही सगळे बघायला पोचलो.

भोंगेवाले एक पाय वर धरून तसेच उभे राहिले. महिला हवालदार पुढे झाल्या. "आजी, घाबरू नका. तुम्हाला कुणी जबरदस्तीने आणलंय का?"

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात सगळा प्रकार आला.

"इथे नाही," ती म्हणाली. "इथे मी हौसेने आले. कोंडून ठेवलं होतं ते तिकडे, याच्या घरी. दाराला कडी बाहेरून आहे, बाई. आतून नाही."

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. महिला हवालदार हळूच माझ्याकडे वळल्या. एक्स-रेनंतरचा तो कडीचा फोटो त्यांनी पाहिलेला होता.

"ती तर सुरक्षिततेसाठी होती," मी म्हणालो.

"कुणाच्या?" फौजदारांनी विचारलं.

अगदी साधेपणाने विचारलं त्यांनी. दावे तपासताना मीही माणसांना असेच साधे प्रश्न विचारतो. ताई पडली असती तर ती पडली असती. पण दुपारभर कचेरीत ज्याची छाती धडधडू नये म्हणून ती कडी होती, तो मी होतो. लाज हा शब्द मी पुष्कळदा वापरलाय. पण ती पायाच्या अंगठ्यापासून वर चढत येते, हे मला त्या बांधावर कळलं.

"माझी तक्रार घ्या म्हणून मी नाही सांगत," ताई म्हणाली. "तो वाईट नाही हो. घाबरट आहे. लहानपणी झोपाळ्यावर बसायचा तेव्हा मला म्हणायचा, आधी दोरीने बांध. मी बांधायचे, मग झोका द्यायचे. मला वाटलं होतं, मोठेपणी सुटेल."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी टिकलो असतो. ती माझी बाजू मांडत होती. माझ्या डोळ्यांपुढे तलाव गोल फिरला आणि मी टपरीच्या बाकावर बसलो तो आडवाच झालो. रक्तदाब. भोंगेवाल्यांनी काही न बोलता स्ट्रेचर काढलं. ज्या माणसावर मी अपहरणाचा आळ घेतला होता, त्याने मला लहान मुलासारखं उचलून त्यावर ठेवलं आणि उशी सरळ केली. फौजदार म्हणाले, "न्या यांना," आणि वहीचं पान उलटलं.

परतीच्या वाटेवर मी मागे आडवा होतो आणि ताई पुढे, चालकाशेजारी. मधल्या छोट्या खिडकीतून दोघांच्या माना दिसत होत्या. ताई बोलत होती. भोंगेवाले, जे आमच्याशी आजवर चार शब्द बोलले नव्हते, तेही बोलत होते. त्यांची बायको गेल्यापासून ते थिएटरात गेले नव्हते. "एकटं कुठे जायचं, मॅडम?" असं काहीसं ऐकू आलं. ताई म्हणाली, "मॅडम काय? मी काय आता शाळेत आहे?" मग दोघं एकदमच हसले, आणि ते हसणं मला पाठीवर पडून ऐकावं लागलं.

छातीवरचा पट्टा काचत होता. मी हाक मारली, "ताई, पट्टा जरा सैल कर ना."

ती वळली. "पडशील," म्हणाली.

"कुठवर आलो?"

"अजून उतरायचं ठिकाण आलं नाही," ताई म्हणाली आणि तिने स्वतःच्या हाताने भोंगा सुरू केला.

इमारतीखाली सगळी मंडळी जमलेली होती. अपहरण झालेली बाई पुढच्या दाराने टुणकन नाही, पण काठी टेकत उतरली आणि मागच्या दाराने मी आडवा बाहेर आलो. माजी अध्यक्षांना काय बोलावं ते सुचेना, त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असावं. पलीकडच्या गृहस्थांनी पुन्हा टोपी काढली. मला खुर्चीत बसवून तीन मजले वर चढवलं, आणि पुढे कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत ताई चढत होती. "डावा पाय आधी," ती भोंगेवाल्यांना सांगत होती. बायको दारात उभी होती. तिने मला पाहिलं, ताईला पाहिलं आणि ताईसाठी खुर्ची ओढली.

दुसऱ्या दिवशी मी कडी काढली. दारावर स्क्रूची भोकं राहिली. मेणाने बुजवू का, असं मी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "राहू द्या. दिसू देत."

त्यानंतर दर रविवारी खाली भोंगा वाजायला लागला, एकदाच आणि अगदी हळू. ताईची शिट्टी मी परत दिली होती. ती गॅलरीतून शिट्टीने उत्तर द्यायची आणि माळ्यावरून काढलेले बूट घालून खाली जायची. काही आठवड्यांनी तिने जाहीर केलं, की ती आपल्या घरी राहायला जाणार. समोरच्या काकूंनी विचारलं, "एकट्याच?"

"एकटीच. हे येतील, जातील."

"येतील जातील म्हणजे?"

"म्हणजे येतील, आणि जातील," ताई म्हणाली. "आणि एखादे दिवशी नाही गेले, तर नाही गेले." काकूंना त्या दुपारी चहा गोड लागला नाही.

ती निघाली त्या दिवशी मी सामान आधीच खाली पोचवलं होतं. ती जिन्याच्या तोंडाशी आली आणि सवयीने माझा हात तिच्या कोपराकडे गेला. तिने नुसतं पाहिलं. मी हात मागे घेतला, कुठे ठेवावा कळेना म्हणून खिशात घातला. 'सांभाळून' हा शब्द घशापर्यंत आला होता, तो गिळला. इतका मोठा शब्द मी कधी गिळला नव्हता.

ताई एक पायरी उतरली. थांबली. मग मागे न बघता तिने आपला हात माझ्याकडे लांब केला.

"धर, छोट्या," ती म्हणाली. "तुला जिन्याची भीती वाटते ना?"

मी धरला. खाली भोंगेवाले गाडीचं पुढचं दार उघडून उभे होते, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ, डावा पाय आधी टाकत, उतरायला लागलो.